खुर्चीचा पुढचा तिसरा हिस्सा

आमचा भाचा पुण्याहून परत आला तो खुर्चीच्या पुढच्या एक तृतीयांश भागावर बसायला शिकून आला. उरलेली दोन तृतीयांश खुर्ची त्याने कुणासाठी राखून ठेवली आहे, हे आम्हांला कळेना. त्याला असा टोकावर बसलेला पाहून आमच्या आईला वाटलं, पोराला मूळव्याध झाली. ती बोलली काही नाही, पण दोन दिवस घरात सुरणाची भाजी आणि ताक चालू होतं.

खुलासा तिसऱ्या दिवशी झाला. भाचा बँकेतल्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास झाला होता आणि मुलाखतीची तयारी म्हणून त्याने पुण्यात सहा आठवड्यांचा एक क्लास केला होता. फी बारा हजार. आमच्या ताईने भिशी उचलून ती भरली होती. त्या क्लासात शिकवलं होतं की मागे रेलून बसणारा उमेदवार आळशी दिसतो आणि मधोमध बसणारा सुस्त दिसतो. सबब पुढचा तिसरा हिस्सा. याशिवाय तळहात दिसले पाहिजेत (प्रामाणिकपणा), मान तीन अंश कलती पाहिजे (उत्सुकता), आणि कोणताही प्रश्न आला तरी आधी त्या प्रश्नाचं कौतुक करायचं (हे कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही).

त्या संध्याकाळी आईने त्याला विचारलं, "चहा घेणार का रे?"

भाच्याने तिच्या डोळ्यांत डोळे घातले, दोन सेकंद थांबला, स्मित केलं आणि म्हणाला, "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन, आजी!"

आईने आयुष्यात हजारो लोकांना चहा विचारला असेल, पण प्रश्न चांगला आहे असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती हरखली. चहा मात्र कुणालाच मिळाला नाही, कारण तो घेणार आहे की नाही याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो. पुढे हसू आलं नाही. कारण मुलाखतीत त्याला शंभरपैकी बेचाळीस मार्क पडले. या परीक्षेत अंतिम यादी करताना मुख्य लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचं प्रमाण ८० ला २० असं धरतात. लेखी परीक्षेत रक्त आटवून मिळवलेले मार्क त्या विसांनी खाल्ले. यादीतून नाव गेलं. ताईची भिशी गेली. आणि पोरगं खुर्चीच्या पुढच्या टोकावर बसून भिंतीकडे बघू लागलं.

म्हणून आज हा लेख मी भांडायच्या इराद्याने लिहीत आहे. विनोदी लेखकाने रागावू नये असा संकेत आहे खरा, पण मी आधी मामा आहे आणि नंतर लेखक.

मी त्याला विचारलं, "झालं काय नेमकं?"

तो म्हणाला, "मामा, पहिलाच प्रश्न सोपा होता. एक वयस्कर साहेब होते. फॉर्म बघून म्हणाले, सांगलीचे का? म्हणजे हळदीचं गाव. आरामात सांगा, हिंदीत सांगितलंत तरी चालेल. तिथला हळदीचा व्यापार चालतो कसा?"

आता हे वाचून तुम्हांला वाटेल, लॉटरी लागली. कारण आमचे दाजी, म्हणजे या पोराचे वडील, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. हे पोरगं हळदीच्या पोत्यांवर खेळून मोठं झालं. ओली हळद शिजवायची कशी, वाळवायची किती दिवस, पॉलिश केल्यावर वजन किती घटतं, सौद्याच्या वेळी व्यापारी ढिगातलं कोणतं हळकुंड उचलून मोडून बघतो, हे त्याला पाढ्यासारखं येतं. हरिपूरच्या पेवांबद्दल तर त्याला ऐकत बसावं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. त्यात उतरवलेली हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आतली कोंडलेली हवा जीव घेते, हे त्याने मला तो चौथीत असताना सांगितलं होतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन सर. सांगली इज फेमस फॉर टर्मरिक. कमिंग फ्रॉम सच अ व्हायब्रंट प्लेस, आय ॲम अ पॅशनेट टीम प्लेअर विथ लीडरशिप क्वालिटीज."

"अरे, पण बाबांच्या दुकानाचं का नाही सांगितलंस?"

"क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं, घरची गोष्ट काढायची नाही, अनप्रोफेशनल वाटतं. कुठलाही प्रश्न आला तरी उत्तर आपल्या तीन गुणांकडे वळवायचं."

बघा म्हणजे! बारा हजार रुपये घेऊन त्या लोकांनी या पोराच्या पेवावर झाकण घातलं आणि वरून माती लिंपली.

मी त्याची क्लासची वही मागून घेतली. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं: "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. आवाजाचा चढउतार ३८ टक्के. देहबोली ५५ टक्के."

सात, अडतीस आणि पंचावन्न. बेरीज बरोबर शंभर. मी बी. कॉम. आहे आणि सतरा-अठरा वर्षं काउंटरवर काढलेली आहेत. पहिल्या झटक्यात जुळलेल्या कॅशचा मला संशय येतो. मी व्हाउचर शोधायला लागलो, आणि ते सापडलंही.

अमेरिकेत अल्बर्ट मेहराबियन नावाचे मानसशास्त्राचे एक प्राध्यापक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत होते. त्यांचे १९६७ साली दोन शोधनिबंध आले. एका प्रयोगात त्यांनी सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत म्हणवून लोकांना ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. विचारलं काय, तर बोलणाऱ्याला समोरचं माणूस आवडतं की नाही, ते ओळखा. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच सांगतो, तेव्हा आवडनिवड ओळखायला लोक चेहऱ्याकडे बघतात, एवढाच त्याचा मथितार्थ. हा हिशोब भावना आणि आवडनिवड यांपुरताच आहे, सगळ्या बोलण्याला तो लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलं आहे. पण क्लासवाल्यांनी व्हाउचर फेकून दिलं आणि आकडा तेवढा खतावणीत चढवला.

आमच्या हिने "बघा बुवा तुम्हीच" असं म्हटलं की नुसत्या शब्दांवर विसंबून चालत नाही, हे मला मेहराबियन साहेबांचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पण हीच जर म्हणाली, "येताना पाव किलो शेंगदाणे आणा," तर तिथे त्र्याण्णव टक्के चेहरा वाचून भागत नाही. पाव किलो म्हणजे पाव किलो आणि शेंगदाणे म्हणजे शेंगदाणे. मुलाखतीतले साहेब हळदीचा व्यापार विचारत होते. उमेदवाराचं त्यांच्यावर प्रेम आहे की नाही, हे ते विचारत नव्हते.

आणि शब्द जर सातच टक्के, तर क्लासची फी शब्दांत का सांगतात हो? नुसते तळहात दाखवा की!

वहीच्या पुढच्या पानांवर प्रश्न आणि त्यांची पाठ करायची उत्तरं होती. "तुमची कमजोरी काय?" याचं उत्तर: "मला प्रत्येक काम अगदी बिनचूकच लागतं, हीच माझी कमजोरी." म्हणजे कमजोरी विचारली की गुणालाच फाटका सदरा घालून उभा करायचा. उद्या आमच्याकडे कर्ज मागायला आलेला माणूस म्हणाला की साहेब, माझ्यात एकच दोष आहे, मी हप्ते मुदतीआधीच फेडून टाकतो, तर मॅनेजर त्याला कर्ज देईल की दोन जामीन जास्त मागेल?

दुसरा प्रश्न: "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" हा प्रश्न तर बँकवाल्यांनी विचारूच नये. २०१५ साली सरकारी बँकांच्या मुलाखतीत हा प्रश्न विचारला असेल, तर पाच वर्षांनी काय झालं बघा. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. विचारणारी जी बँक, तीच पाच वर्षांनी कुठे दिसली नाही! बिचारा उमेदवार मात्र पाटी बदललेल्या त्याच शाखेत, त्याच पंख्याखाली बसलेला असणार.

तुम्ही म्हणाल, एवढं बोलतोस, तुझी स्वतःची मुलाखत कशी झाली? सांगतो.

माझी एक नव्हे, आठ झाल्या. पहिल्या सात ठिकाणी मी नापास झालो, आणि साती ठिकाणी कारण एकच होतं. एका ठिकाणी मला विचारलं, "रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोण?" मी त्या वेळी मनातल्या मनात "टेल मी अबाउट युवरसेल्फ"ची तिसरी ओळ घोकत होतो. मला फक्त 'गव्हर्नर' एवढंच ऐकू आलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने महाराष्ट्राच्या राज्यपालांचं नाव सांगितलं. वर "ते फार कर्तबगार आहेत" अशी पुस्तीही जोडली. माझी मान कलती होती, तळहात दिसत होते, आवाज खणखणीत होता. ५५ अधिक ३८, म्हणजे त्र्याण्णव टक्के मी अचूक होतो.

आठवी मुलाखत २००८ साली मुंबईला. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री सांगलीहून निघालो. शेजारच्या औषध कंपनीच्या एजंटाने आपला टाय गाठ मारून दिला होता. ती गाठ सुटली तर पुन्हा मारता येणार नव्हती, म्हणून टाय खुंटीला टांगून रात्रभर त्याच्यावर पहारा केला. त्यामुळे झोप नाही. झोप नाही म्हणून सकाळी पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. देवाची कृपा म्हणतात ती हीच.

आत एका बाईंनी विचारलं, "कॉमर्सचे ना? मग नावे आणि जमा यांतला फरक तुमच्या आजीला कळेल असा सांगा."

पाठ केलेलं काही नव्हतंच. प्रश्न ऐकला, आणि समोर आमची आजी दिसली. म्हटलं, "आजीनं शेजारणीला वाटीभर साखर दिली. आजीच्या वहीत शेजारीण नावे पडली. शेजारणीच्या वहीत आजी जमा झाली. वाटी एकच, वह्या दोन."

बाई हसल्या. मग दुसऱ्या साहेबांनी रेपो रेट विचारला. मी म्हटलं, "आजचा दर माहीत नाही, साहेब." ते म्हणाले, "बरं," आणि पुढचा प्रश्न विचारला. आभाळ कोसळलं नाही. सात वर्षं मी 'माहीत नाही' या दोन शब्दांना भीत होतो, आणि ते दोन शब्द उच्चारायला दोन सेकंदही लागले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "बँकेत का यायचं आहे?" मी खरं ते सांगितलं: "पगार महिन्याच्या महिन्याला होतो, आणि हिशोब जुळला की मला बरं वाटतं." त्या खुर्चीच्या कितव्या भागावर मी बसलो होतो, ते मला आठवत नाही. नोकरी लागली.

माझी लढाई एवढ्याचसाठी आहे. मुलाखतीत चांगलं बोलायचं म्हणजे आधी प्रश्न ऐकायचा. मग जे विचारलं असेल त्याचं उत्तर पहिल्या वाक्यात द्यायचं. मग स्वतः केलेलं, पाहिलेलं एखादं उदाहरण सांगायचं. आणि थांबायचं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. एवढी ही चार-पाच वाक्यांची विद्या. पण चार-पाच वाक्यांना बारा हजार रुपये कोण देणार? म्हणून खुर्चीचे तीन भाग पाडावे लागतात.

आणि क्लासांचा सगळा मारा तोंडावर. कानाचा क्लास कुणी काढत नाही. काउंटरवर मात्र काम पडतं ते कानाशी. एखादी म्हातारी येऊन विचारते, "पैसे आले का हो?" तिला शिल्लक नको असते. पेन्शन आली का, की मुलाने पाठवले, एवढंच तिला विचारायचं असतं. तिला "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणून बघा. ती काठी घेऊनच आलेली असते.

आता कुणी म्हणेल, अहो, खेड्यातली मुलं बुजतात, चार लोकांसमोर त्यांची बोबडी वळते, त्यांना सराव नको का? हवा! जो क्लास सराव करून घेतो, अडखळलेल्या पोराला पुन्हा बोलायला लावतो आणि त्याचंच म्हणणं त्याच्याकडून काढून घेतो, त्याचे पाय धरावेत. माझं भांडण आहे ते दुसऱ्याचं बोलणं पोराच्या तोंडात कोंबणाऱ्यांशी. तयारी करावी ती आपण काय काय केलं ते आठवायची. काय बोलायचं ते पाठ करायची नव्हे.

विचारणारांनाही मी मोकळं सोडणार नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा ताळेबंद मांडला. त्यात दिसलं असं की सर्वांना तेच, कामाशी संबंध असलेले प्रश्न ठरवून विचारले आणि ठरलेल्या मापाने मार्क दिले, तर माणूस पुढे काम कसं करील याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बरा बांधता येतो. म्हणजे उमेदवाराला संवाद शिकवण्याआधी टेबलाच्या पलीकडच्यांनी तो शिकावा. एकाला हळद विचारायची, दुसऱ्याला आइन्स्टाइन विचारायचा आणि दोघांना एकाच काट्यावर तोलायचं, हा सौदा आमच्या मार्केट यार्डात कुणी चालू देणार नाही.

सरकारलाही हे थोडंफार उमगलं असावं. खालच्या जागांच्या मुलाखती बंद कराव्यात, असं १५ ऑगस्ट २०१५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या 'क' आणि 'ड' गटातल्या व 'ब' गटातल्या अराजपत्रित जागांसाठी मुलाखत उरली नाही. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागेलाही आता मुलाखत नसते. दोन लेखी परीक्षा आणि स्थानिक भाषा येते की नाही याची खात्री, एवढंच. म्हणजे माझी ती साखरेची वाटी आज कुणी विचारणार नाही. अधिकाऱ्यांना मात्र अजून त्या दारातून जावं लागतं.

मुळात मुलाखत हा शब्द अरबीतून आला. अर्थ एवढाच की भेट. हिंदी सिनेमात 'मुलाकात' झाली की गाणं सुरू होतं. आपल्याकडे मुलाखत झाली की घाम सुटतो. भेटीला गेलेला माणूस पाठ केलेलं बोलतो का हो?

तर या वर्षी भाच्याने पुन्हा लेखी परीक्षा दिली, पुन्हा पास झाला आणि पुन्हा बोलावणं आलं. ताई म्हणाली, "दादा, दुसरा क्लास बघायचा का?" मी म्हटलं, क्लास आमच्या घरी, फी नाही. पॅनेलवर नेमलं आमच्या आईला. तिची पात्रता तीन प्रकारची आहे. तिला इंग्रजी येत नाही, तिला घाई नाही आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती कुणालाही सोडत नाही.

पहिल्या दिवशी भाचा टोकावर बसला आणि "पॅशनेट" म्हणाला. आई म्हणाली, "म्हणजे काय?" त्याला सांगता येईना. तो शब्द बाद झाला. 'टीम प्लेअर' दुसऱ्या दिवशी बाद झाला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पेव मला ठाऊक आहे. पण भाव पडलेला असताना शेतकऱ्यानं हळद पेवात घातली, तर घर चालवायला पैसे आणायचे कुठून?"

पोरगं गप्प झालं. क्लासमधले दोन सेकंद नव्हेत, चांगला अर्धा मिनिट गप्प. मग बोलायला लागलं. पूर्वी अडत्या उचल कशी द्यायचा आणि मग हळद त्याच्याच दुकानात कशी न्यावी लागायची. आता गोदामात माल ठेवून पावती घेता येते, त्या पावतीवर बँक कर्ज देते, भाव चढला की माल विकून कर्ज फेडता येतं. बाबांच्या दुकानातल्या एका शेतकऱ्याचा कागद त्याने स्वतः कसा भरून दिला आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळेना म्हणून तीन हेलपाटे कसे घातले. मध्ये एकदा आईने विचारलं, "व्याज किती रे?" तो म्हणाला, "माहीत नाही आजी, उद्या विचारून सांगतो." आणि तसाच पुढे बोलत राहिला.

आत्ता कुठे पेव उघडलं होतं. मी मध्ये बोललो नाही. पेव उघडल्यावर थोडा वेळ वारा खेळू द्यायचा असतो, हे त्यानेच मला शिकवलेलं.

मुलाखत झाली आहे. निकाल अजून लागायचा आहे. तेव्हा शेवटी नोकरी लागली आणि सगळे सुखी झाले, असं लिहिण्याची सोय नाही. उद्या हाही निकाल उलटा लागला, तर माझ्या क्लासची फी परत मागायला ताई येईल आणि मी कोणत्या तोंडाने काय सांगणार, देव जाणे. मुलाखतीहून आला तेव्हा मी विचारलं, "काय विचारलं?" तो म्हणाला, "बरंच. दोन आले नाहीत, तसं सांगितलं. बाकीचं बोललो." आणि दमून खुर्चीत बसला. पूर्ण खुर्चीत, पाठ टेकून, पाय पसरून.

आत स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "चहा घेणार का रे?"

"घेतो," तो म्हणाला. "आलं घाल."